जित्ता बडग्या

ऋषिकेश खोरगडेला आयुष्यात दोनच गोष्टींची भीती वाटायची. एक म्हणजे तोंडावर काही झाकलं जाण्याची, आणि दुसरी त्याच्या आईची. आता अशा माणसाने नोकरी धरावी कुठे? तर लष्कराच्या वैद्यकीय संशोधन केंद्रात! तिथे विषारी वायू आणि रोगजंतूंपासून जवानांना वाचवणारा सूट तयार होत होता, आणि तो अंगावर चढवून बघण्याचं काम याच्या गळ्यात पडलं, कारण नेमका त्या मापाचा हाच निघाला. टाचेपासून मानेपर्यंत जाड काळा सूट, हातात उशीसारखे मोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा आणि त्यावर घट्ट टोप. नशीबच फुटकं, दुसरं काय!

याआधीच्या दोन चाचण्या त्यानेच बुडवल्या होत्या. वेळ संपायच्या आधीच जीव घुसमटला, टोप ओढून काढला, आणि सगळ्या तुकडीची मेहनत पाण्यात गेली. त्याच्या वरिष्ठ मेजर डॉक्टर नूपुर. बाई ओरडायच्या नाहीत, हेच जास्त वाईट होतं.

"ऋषिकेश, ही शेवटची संधी," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन वाजता छातीवरचा भोंगा वाजेल. त्याआधी टोप उघडला, तर हे काम दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे जाईल आणि तुम्ही स्टोअरमध्ये कापसाचे गठ्ठे लावत बसाल. आणि आतून बाहेरचं बोलणं ऐकू येतं का, तेही बघा. जवानाला हुकूमच ऐकू आला नाही तर सूट काय कामाचा? नसेल येत, तर टोप बदलून सगळं पहिल्यापासून करावं लागेल. विषाला हा सूट दाद देत नाही. आगीपासून मात्र लांब राहा."

'पहिल्यापासून' ऐकूनच ऋषिकेशने मनात देवाला हात जोडले: ऐकू येऊ दे रे बाबा! आगीचं त्याने मनावरच घेतलं नाही. भर दिवसा आग कुठून येणार?

पण चाचणीची तारीख पडली होती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबतीचा पुतळा आणि तिच्यासोबत मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे बडग्ये, म्हणजे बाप्यांचे पुतळे, वाजतगाजत गावाबाहेर न्यायचे, सगळी रोगराई, इडापिडा त्यांच्या माथी मारायची आणि देऊन टाकायचे जाळून. तारीख ठरवणारे साहेब बाहेरगावचे, त्यांना याचा पत्ता नव्हता. ऋषिकेशला होता, पण तो गप्प बसला. बोलला असता तर लोक म्हणाले असते, बघा, भित्रं पुन्हा बहाणे करतंय.

सकाळभर हिंगणा रस्त्यावरच्या मैदानात चालून झालं. मग त्याला तसाच, बंद टोपात, उघड्या जीपच्या मागे बसवून केंद्रात न्यायचं ठरलं. नूपुर मॅडमची गाडी पुढे होती. त्या पडद्यावर त्याच्या छातीचे ठोके बघत होत्या. मध्येच मिरवणूक आडवी आली. मॅडम निसटल्या आणि जीप अडकली.

"टेन्शन नका घेऊ साहेब," ड्रायव्हर चंपतराव म्हणाला. "तुमच्याच मोहल्ल्यातून काढतो गाडी." आणि मोहल्ल्याच्या चौकात येताच त्याला पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा वास आला. "रस्ता खुला आहे का पाहून येतो," म्हणून जो उतरला, तो थेट पोह्याच्या ठेल्यावर.

इकडे चौकात देवराव डोक्याला हात लावून बसले होते. देवराव म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाचे अध्यक्ष. रात्रीच्या पावसात त्यांचा बडग्या भिजून त्याची मान पार पोटात घुसली होती. घाईघाईने महाल भागातल्या एका कारागिराकडून दुसरा मागवला होता आणि तो गाडीतून येणार होता. तेवढ्यात समोर जीप दिसली. जीपमध्ये काळाकुट्ट, बिनचेहऱ्याचा ठोंब्या बसलेला.

"आला रे आला!" देवराव उडालेच. "बाप्पा! काय भयान बनवला आहे! उतरवा गा, वेळ होऊन राहिला!"

चार-सहा जणांनी ऋषिकेशला उचललं आणि हातठेल्यावर उभं करून बांबूला बांधलं. गळ्यात पाटी लटकली: 'डेंगू, खोकला, रस्त्यावरचे खड्डे घेऊन जा गा बडग्या'.

"काका, मी आहे! मी ऋषी!" तो आतून बोंबलला. बाहेर आलं नुसतं भूं-भूं, आणि तेही ढोलताशात बुडालं.

देवरावांनी मात्र कान लावला आणि खूश झाले. "लेकाच्यानं आवाज बी भरला आतमंदी! हात बी हालवते पाहा. मोटर टाकली असंन."

नूपुर मॅडमच्या पडद्यावर ठोके चढत चालले होते. 'बसल्या जागी हा पळतोय की काय?' म्हणत त्यांनी गाडी उलटी फिरवली. इथे ठेला डुलत होता, लोक नाचत होते आणि ऋषिकेशला दरदरून घाम सुटला होता. श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. छातीवर भोंग्याशेजारी लावलेल्या घड्याळात दोनला अजून बराच अवकाश होता. पण गेलं खड्ड्यात ते संशोधन! त्याने कसाबसा एक हात दोरीतून सोडवला आणि टोपाची कड पकडली. एक हिसका, की सुटलो.

तेवढ्यात गर्दीतून केरसुणी घेऊन रुखमाबाई आल्या. त्याची आई.

घरची पीडा बडग्याला सांगायची, ही मोहल्ल्यातल्या बायकांची रीत. रुखमाबाईंनी आधी बडग्याच्या पाठीत दोन सणसणीत हाणल्या, मग ठेल्यावर चढून त्याच्या कानाशी तोंड नेलं. ऋषिकेशने डोळे मिटून घेतले. रोज घरात जे ऐकायचा तेच आता येणार: पंखा बंद झाला तं जीव जाते याचा, अन् चालला मिलिट्री वाचवाले!

"आयक गा बडग्या," रुखमाबाई हळूच म्हणाल्या. "माया पोरगा लय गुनाचा आहे. त्याच्या तोंडावर मी कधी म्हनत नाही, डोक्यावर बसंन माया. लहानपनी पांघरून तोंडावर आलं तं रडत उठे. त्याले अजून भेव वाटते, मले का समजत नाही? तरी बी रोज तो टोप घालाले जाते, दुसऱ्याची लेकरं वाचली पाह्यजे म्हून. त्याचं भेव तेवढं घेऊन जा गा. घेऊन गेला तं नारळ फोडीन."

कडेवरची बोटं आपोआप सुटली. मुखवट्याची काच आतून धुकटली, कारण आतला बडग्या ढसाढसा रडत होता. माय, एकदा तरी हे घरी बोलायचं होतं! रडता रडता त्याच्या लक्षात आलं, आपला श्वास चांगला पोटापर्यंत चालला आहे.

वरात नाल्याकाठच्या मैदानात पोचली. ठेल्याभोवती भाताचं वाळलं तणस रचलं. देवराव काड्या घासू लागले आणि सादळलेल्या काड्या फुसफुस करून विझू लागल्या. आता मात्र टोप काढायला हरकत नव्हती. जिवापेक्षा चाचणी मोठी नाही, हे नूपुर मॅडमही म्हणाल्या असत्या. ऋषिकेशने घड्याळ पाहिलं. जवळच आले होते दोन. पेट घेतला तर काढू, असं ठरवून तो उभाच राहिला.

शेवटी एक काडी पेटली. देवराव वाकले, आणि बडग्याच्या छातीतून भोंगा कोकलला.

"बाम आहे रे!" म्हणत देवराव काडीबिडी चिखलात टाकून जे पळाले, त्यांच्या मागे अख्खं मंडळ. रुखमाबाई तेवढ्या हलल्या नाहीत. हातात नारळ घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. भोंगा वाजून थांबला तरी ऋषिकेशला टोप काढायची आठवण नव्हती. मग त्याने सावकाश काढला.

"अवं माय!" रुखमाबाई किंचाळल्या. "ऋष्या!"

"लेका, सांगाचं ना मंग!" देवराव लांबून ओरडले.

"सांगूनच तं राहिलो होतो, काका!"

"मंग आता जाळाचं काय?" त्यांना त्यांचीच काळजी.

तोवर नूपुर मॅडमची गाडी आणि तोंड पुसत चंपतराव, दोघंही पोचले. मॅडमनी आधी दोऱ्या सोडवून त्याची नाडी पाहिली, मग चंपतरावाकडे असं पाहिलं की तो जीपमागे गेला.

"झाली चाचणी, शाब्बास," त्या म्हणाल्या. "आता एकच सांगा. आतून बाहेरचं बोलणं ऐकू आलं?"

रुखमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. नारळ त्यांनी पदराखाली घेतला.

ऋषिकेशने आईकडे पाहिलंच नाही. "नाही मॅडम," तो म्हणाला. "एक शब्द नाही. नुसतं घूं-घूं."

"मग टोप बदलावा लागणार. सगळं पहिल्यापासून. घालाल पुन्हा?"

"हाव, घालतो ना," तो सहज बोलून गेला. "उद्या म्हणाल तं उद्या."

रुखमाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी नारळ दगडावर आपटला. एका घावात दोन शकलं झाली.

"हे काहून वं माय?" ऋषिकेशने विचारलं.

"तुले काय कराचं आहे?" त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि पहिला तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. "खा मुकाट्यानं."