लाकडाच्या भावाचं प्रकरण

"थांबव," आई म्हणाली.

मुंगीने रिमोट उचलून चित्र थांबवलं. पडद्यावरची नायिका घोड्यावर बसल्या बसल्या, केस मोकळे आणि तोंड अर्धवट उघडं, जागच्या जागी गोठली. भाग सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि एवढ्यात हे तिसऱ्यांदा की चौथ्यांदा चाललं होतं.

"ही घोड्यावर कशी काय?" आईने विचारलं. प्रश्न कोणा एकाला नव्हता, सगळ्या खोलीला होता. "कादंबरीत ती घोड्याला घाबरते. चिखल तुडवत पायी जाते, पण घोड्यावर बसत नाही. तिचा सगळा स्वभाव त्या चिखलात आहे."

"घोड्याचं सोड," सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून बाबा म्हणाले. "संध्याकाळ आहे ना? मग उजेड तिच्या दोन्ही गालांवर कसा? यांच्याकडे सूर्य आहेत तरी किती?"

दोघांच्या मधे बसलेल्या मुंगीच्या नवऱ्याने बिस्किटांची बशी मुकाट्याने आधी डावीकडे केली, मग उजवीकडे. मुंगीने डोळे मिटले. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे चढवून 'आता दिसतंय का, आणि आता?' असं विचारून तिचा घसा बसला होता. शुक्रवारची संध्याकाळ तिला पाय पसरून, काहीही न बोलता घालवायची असायची. आता ती रिमोट धरून बसायची आणि थांबव म्हटलं की थांबवायची.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती घरातल्या वस्तू सतत इकडच्या तिकडे वाहून न्यायची, म्हणून बाबांनी हाक मारायला सुरुवात केली. चाळिशी उलटली तरी नाव सुटलं नव्हतं. आणि वाहून नेणंही सुटलं नव्हतं. आई-बाबांचा घटस्फोट झाला तेव्हा ती शाळेत होती. तेव्हापासून याचा निरोप तिला, तिचा डबा याला, हेच चालू होतं.

त्या कादंबरीवरची नवी मालिका आली आणि दोघांचे फोन एकाच सकाळी आले. आईकडे ती दिसायला लागणारी इंटरनेटची वर्गणी नव्हती आणि बाबांच्या फोनला असा तडा गेलेला की माणसाचा चेहरा दोन तुकड्यांत दिसे. मुंगीने सरळ हिशेब केला होता: आई शुक्रवारी, बाबा शनिवारी. पण शनिवार बाबांना चालेना. तोवर कोणीतरी पुढचं सांगून टाकेल, असं त्यांचं म्हणणं.

"बाबा, तुम्हाला ती कादंबरी पाठ आहे."

"कादंबरी पाठ आहे. यांनी तिचं काय केलंय ते कुठे माहीत आहे?"

झालं. दोघं एकाच सोफ्यावर आली आणि तासाभराचा भाग तीन तास चालायला लागला.

कादंबरी तशी शंभर वर्षांपूर्वीची. काचेच्या कारखानदाराची मुलगी आणि तिथलाच एक कारकून यांचं लग्न ठरतं, तिच्या ताठ्यापायी मोडतं, आणि बऱ्याच वर्षांनी तोच माणूस गावात पूल बांधायला येतो. दोघं अर्धवट झालेल्या पुलावर भेटतात ते प्रकरण प्रसिद्ध आहे. त्यात प्रेमाचा अक्षरानेही उच्चार नाही. पानंच्या पानं दोघं लाकडाच्या भावावर बोलतात. कोणतं लाकूड पाण्यात टिकतं, कोणतं फुगतं, यंदा भाव का चढला. शेवटी तो जायला निघतो तेव्हा ती म्हणते, "उद्याही भाव सांगायला या." बस, प्रकरण संपलं.

या एका ओळीवर आई आणि बाबा दोघंही जीव टाकत. बाकी कशावरच त्यांचं एकमत नव्हतं. बाबांच्या मते कादंबरी पडद्यावर एकदाच नीट आली होती, त्या जुन्या कृष्णधवल चित्रपटात, कारण त्यात अंधाराला अंधारच राहू दिलं होतं. बाबांनी जन्मभर नाटकांच्या प्रकाशयोजना केल्या, त्यामुळे उजेड चुकला की त्यांना पुढचं ऐकूच यायचं नाही. आईला तो चित्रपट म्हणजे कोळशाच्या वखारीत काढल्यासारखा वाटे. तिची आवडती मालिका वेगळी होती, याच कादंबरीवरची, मुंगीच्या जन्माच्या सुमाराची. तिच्यात संवाद शब्दाला शब्द होते. आई कोर्टात लघुलेखक होती. कोण काय बोललं यात काना-मात्रा इकडेतिकडे झालेली तिने कधी खपवून घेतली नव्हती, घरातही.

"तुझ्या त्या मालिकेत सगळे आरोपीसारखे उभे राहून बोलायचे," बाबा म्हणत.

"बोलायचे तरी," आई म्हणे.

लग्न होतं तोवर आई त्यांना 'अहो' म्हणायची. घटस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी ती 'अरे'वर आली आणि तिथेच राहिली. बाबांनी कधी हरकत घेतली नाही.

हे असंच नाकी नऊ आणत चाललं असतं आणि मालिका संपली असती. पण एका शुक्रवारी मुंगीची नणंद सहज म्हणून आली. तिने मालिका पाहिलीच नाही, सगळा वेळ या दोघांकडे पाहत राहिली. जाताना दारात मुंगीचा हात धरून म्हणाली, "वहिनी, लिहून घे. हे दोघं परत एकत्र येणार."

"कोण, ते पुलावरचे?"

"अगं, सोफ्यावरचे."

मुंगीने ते हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून तिला दिसायलाच लागलं. बाबांचा शर्ट इस्त्रीचा असायचा. आई बिनसाखरेची बिस्किटं आणायची, आणि तिला स्वतःला तर गोड लागायचं. निघताना बाबा "मी त्याच बाजूला जातोय" म्हणत, आणि त्यांचं घर बरोबर उलट्या बाजूला होतं. दुकानात काचा पुसता पुसता मुंगी हे सगळं जुळवत बसायची आणि मग स्वतःवरच चिडायची. या वयात, या दोघांच्या बाबतीत, आपण शाळेतल्या मुलीसारखं मनातल्या मनात घर मांडून बसलोय. पण मांडत होती खरी.

शेवटचा भाग आला तेव्हा तिने नवऱ्याला सांगितलं, "आज आपण घरी नाही. दुकानात माल यायचाय."

"कुठला माल?"

"यायचाय म्हटलं ना."

"अगं, पण आज शेवट आहे," तो म्हणाला. तो कादंबऱ्या वाचणाऱ्यांतला नव्हता; पण इतके शुक्रवार मधे बसून बसून त्याला पुलाची काळजी लागली होती. "तो पूल पुरा होतो की नाही ते तरी बघू दे."

मुंगीने ऐकलं नाही. तिने टेबलावर सूप झाकून ठेवलं, ब्रेड कापून ठेवला, मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला लावला आणि आई-बाबा आल्यावर मालाची थाप मारून नवऱ्याला ओढत बाहेर काढलं. बाबा तेवढ्यात म्हणालेच, "या दिव्याने सूपात काय पडलंय तेही दिसणार नाही."

दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं चष्म्यांच्या फ्रेमांमधे बसली. नवरा सँडविच खात घड्याळाकडे बघत होता. थोड्या वेळाने फोन वाजला.

"मुंगी," बाबा म्हणाले, "मधोमध एक गोल फिरतंय."

तिने इंटरनेटचा डबा बंद करून परत चालू करायला सांगितलं. मग आईचा फोन: रिमोट सापडत नाही. तो सोफ्याच्या फटीत होता. त्यानंतर फोन आला नाही. मुंगीने तो दोनदा उचलून पाहिला, बंद तर पडला नाही ना म्हणून.

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "गप्प आहेत."

"गप्प असतील तर काहीतरी बिनसलंय," नवरा म्हणाला. "ते बोलत असले की मला बरं वाटतं."

घरी पोचली तर मोठा दिवा लागलेला. टीव्ही बंद होता. आई स्वयंपाकघरात कप विसळत होती आणि बाबा बाल्कनीत रस्त्याकडे तोंड करून उभे होते. सूपाला कोणी हात लावला नव्हता. मुंगी सरळ आईकडे गेली.

"काय झालं?"

"त्याने नदीत उडी मारली," आई म्हणाली.

"कोणी?"

"नायकाने. लाकडाचा शब्द नाही, भाव नाही, काही नाही. ती पुलावर आली, त्याने पाहिलं आणि उडी मारली. मग हिने त्याच्यामागे मारली. पाण्यात मिठी. वर ती म्हणते, 'मी कायम तुझीच होते.' मी बंद केलं."

"आणि बाबा बाहेर का?"

आईने कप पालथा घातला. "मी म्हटलं, निदान हा उडी तरी मारतो. ते त्याला लागलं."

बाबा आत आले. कोणी बसलं नाही. मुंगीला आता राहवेना. इतक्या शुक्रवारांचं साचलेलं एकदम बाहेर आलं. आपण यांच्यासाठी मुद्दाम बाहेर गेलो, माल वगैरे काही यायचा नव्हता, दोघांनी एकमेकांशी चार शब्द बोलावेत एवढंच हवं होतं, आणि यांनी तेवढ्यात एका नटाच्या उडीवरून भांडण काढलं. "तुम्हाला परत एकत्र यायचंय की नाही," ती म्हणाली, "ते एकदाचं सांगा. मला सगळे विचारताहेत."

"सगळे कोण?" आईने विचारलं.

"माझी बहीण," नवरा म्हणाला.

आई आणि बाबांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आईने ओले हात पुसले आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "ते आम्ही करून बघितलंय."

"काय करून बघितलंय?"

"तू होस्टेलला होतीस तेव्हा. हा माझ्याकडे राहायला आला होता. चार महिने."

"पाच," बाबा म्हणाले.

"चार. पाचव्यात तुझी फक्त कपड्यांची पेटी होती."

मुंगी खुर्चीवर बसली. होस्टेलमधली ती वर्षं तिला आठवत होती. एका सुट्टीत आईकडे, दुसऱ्या सुट्टीत बाबांकडे, आणि कुठल्या सुट्टीत कुठे जायचं याची रडारड. "मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "तू सुट्टीला आलीस की दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं."

"मग?"

"मग तुझी सुट्टी लागेपर्यंत ते टिकलं नाही," आई म्हणाली. "तुला काय सांगायचं, बाबा आले आणि बाबा गेले? एकदा मोडलेलं तू पाहिलं होतंस. दुसऱ्यांदा कशाला दाखवायचं?"

मुंगीला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. हवं होतं ते होऊन गेलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. "आणि इतकी वर्षं मी तुमचे निरोप वाहतेय."

"तुला आवडायचं ते," बाबा म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

नवऱ्याने हळूच रिमोट उचलला. "उरलेलं बघायचं का?" त्याने विचारलं. "पूल राहिलाय."

चौघांनी गार सूप पीत उरलेला भाग पाहिला. नायक-नायिका नदीतून कोरडी बाहेर आली, त्यावर बाबा बोलले. नायिका पुन्हा एकदा 'कायम' म्हणाली, त्यावर आई बोलली. पूल पुरा झाला, तेव्हा नवऱ्याने नाक ओढलं आणि ते सर्दीमुळे असल्याचं सांगितलं. मुंगी एकटीच काही बोलली नाही. तिला पडद्यावरची ती दोघं मुळीच खरी वाटत नव्हती, आणि तरी ती मिठी आणखी थोडी लांबली असती तर तिची तक्रार नव्हती. हे मात्र तिने जिवात जीव असेपर्यंत कबूल केलं नसतं.

आई मुंगीच्या नवऱ्याच्या स्कूटरवरून गेली. बाबांना सोडायला मुंगी गाडीने निघाली.

"कसे होते ते महिने?" वाटेत तिने विचारलं.

बाबांनी विचार केला. "चांगले होते," ते म्हणाले. "तुझी आई कोर्टातून यायची, मी चहा करायचो. ती दिवसभराच्या साक्षी सांगायची. नक्कल करून. मला कोणाशी इतकं बोलल्याचं आठवत नाही."

"मग काय झालं?"

"मला दौरा आला."

"म्हणजे?"

"नाटकाचा. मोठा होता. तीन आठवड्यांचा म्हणून गेलो, तो वाढत गेला. मी तिला कळवलं, येतोय म्हणून. मग पुन्हा कळवलं, अजून थोडे दिवस. परत आलो तर पेटी भरून ठेवलेली. रागावली वगैरे नव्हती. म्हणाली, मला परत वाट बघायची सवय लावून घ्यायची नाही."

"बाबा, ज्या कारणाने पहिल्यांदा मोडलं त्याच कारणाने?"

"अगदी त्याच."

"आणि तुम्हाला नाही म्हणता आलं नाही? एका दौऱ्याला?"

"आलं असतं," बाबा म्हणाले. "तेव्हा तसं सुचलं नाही. प्रकाशयोजना फार सुंदर होती त्या नाटकाची."

मुंगीला इतका वैताग आला की डावीकडचं वळण तिने सोडून दिलं आणि गाडी सरळ पुढे नेली. पुढच्या चौकातून वळायला जागा नव्हती. बाबांनी एकदा मागे वळून आपल्या गल्लीकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. बऱ्याच पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईने तिची ती जुनी मालिका कुठूनशी मिळवलीय. पुढच्या शुक्रवारपासून तिच्याकडे बघायचं ठरलंय."

"कधी ठरलं?"

"तू दुकानात होतीस तेव्हा. उडीच्या आधी."

मुंगीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कंटाळून मधेच उठाल तुम्ही," ती म्हणाली. "आरोपीसारखे उभे राहून बोलतात ना त्यात."

"बोलू देत," बाबा म्हणाले. "मला आता कुठे जायचंय?"