एकशे सदतिसावा प्रश्न

दर दहा वर्षांनी डॉक्टरला पुन्हा बाकावर बसवायचं ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला स्वतःला कधी बसावं लागलं नसणार, असं डॉ. इर्या कांगस हिचं ठाम मत होतं. तिचं वय अठ्ठावन्न. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराच्या काठच्या वीस खाटांच्या रुग्णालयात ती एकवीस वर्षं तातडीच्या विभागात होती. मचाणावरून पडलेले शिकारी, करवतीने बोटं कापून घेतलेले लाकूडतोडे, गोठलेल्या सरोवराचा बर्फ फुटून आत गेलेले मासेमार, सगळे तिच्या हाताखालून गेले होते. तरी दहा वर्षं भरली की डॉक्टरांची परीक्षा घेणारं बोर्ड विचारायचं, बाई, तुम्हाला अजून येतं ना?

गेल्या वर्षी नव्हतं आलं. तीन गुणांनी गेली. गावात तिला कोणी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने मात्र नियमावर बोट ठेवलं. एकतीस डिसेंबरपर्यंत प्रमाणपत्र हातात नसेल, तर एक जानेवारीपासून तातडीच्या विभागात तिने पाऊल टाकायचं नाही.

तेव्हा लेलँड धावून आला. लेलँड प्रूइट आणि ती डेट्रॉइटला एकाच तुकडीत शिकले होते. एकाच भांड्यातलं सूप पिऊन त्यांनी तीन वर्षं काढली होती. पुढे ती गावी परतली आणि तो तिथेच राहून मोठा प्राध्यापक झाला. इतका मोठा, की चार वर्षांपूर्वी त्याला बोर्डाच्या प्रश्न काढणाऱ्या समितीवर घेतलं. दर रविवारी दुपारी तो फोनवर तिची उजळणी घ्यायचा, तीही बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून. समितीतला चकार शब्द सांगायचा नाही, आणि इर्याला त्याच्या या सचोटीचा अभिमान वाटायचा.

"बोल, पोराने नाणं गिळलंय," लेलँड म्हणायचा.

"किती सेंटचं? पाच असतील तर जाऊ दे म्हणावं."

"इर्या, परीक्षेत विनोदाला गुण नाहीत."

"म्हणूनच तर मी नापास होते!"

मात्र हृदयविकाराचं प्रकरण आलं की तो पानं उलटायचा. "हे सोड. हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं." असं तीनदा झालं. इर्याला कळायचं तो का सोडतो ते. निदान कळतंय असं वाटायचं. माणूस किती जपतो आपल्याला, या विचाराने तिला भरून यायचं.

कारण त्या प्रकरणात ओनी होता.

ओनी माकेला पियानो सुरात लावून द्यायचा. पंचक्रोशीतल्या चर्चचे, शाळांचे, म्हाताऱ्या बायकांच्या दिवाणखान्यातले सगळे पियानो त्याच्याकडे. सात वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दुपारी त्याचा जबडा दुखायला लागला, म्हणून तो दाताच्या डॉक्टरकडे गेला. दातवाला शहाणा होता. त्याने तोंडात आरसा घालायच्या आधी त्याला रस्त्यापलीकडे इर्याकडे पाठवलं. ईसीजी बघताच इर्याला कळलं, हा दात नव्हे, हा हार्ट अटॅक आहे.

अशा वेळचा नियम सोपा आहे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टीच्या टेबलावर पोचवता येत असेल, तर रुग्णाला तिकडे पाठवायचं. येत नसेल, तर गुठळी विरघळवणारं औषध जागेवरच द्यायचं. अँजिओप्लास्टीचं रुग्णालय रुग्णवाहिकेने पंच्याहत्तर मिनिटांवर होतं. पण त्या दिवशी सकाळपासून असा बर्फ लोटला होता की समोरचं पेट्रोल पंपाचं छप्पर दिसत नव्हतं. हेलिकॉप्टर उडत नव्हतं. रस्ता शेरीफने बंद केला होता, तो उघडला दुसऱ्या दिवशी. इर्याने तिन्ही ठिकाणी फोन केले आणि मग औषध दिलं. ओनीचं दुखणं थांबलं. "दाताचे पैसे वाचले," म्हणून तो हसलासुद्धा. तासाभराने त्याची जीभ जड झाली. औषधामुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, शंभरात एखाद्याला होतो, आणि तो एक ओनी निघाला. त्यातच तो गेला.

तिसऱ्या दिवशी इर्याने लेलँडला फोन केला होता. दीड तास ती बोलत होती आणि रडत होती. त्याने सगळं विचारून घेतलं, रक्तदाब किती, ईसीजीत नेमकं काय, किती वाजता काय केलं. सगळ्यावर तो म्हणाला, "मी तिथे असतो तर हेच केलं असतं, इर्या. अगदी हेच."

त्या एका वाक्यावर ती पुन्हा कामावर गेली. ते वाक्य घेऊनच ती ओनीच्या बायकोच्या, आयलीच्या, स्वयंपाकघरात जाऊन बसली. आयलीने ओट्याला टेकून एकच प्रश्न विचारला होता, "दुसरं काही करता आलं असतं का गं?" इर्याने सांगितलं, "मी माझ्याहून मोठ्या डॉक्टरला विचारलं, आयली. तो म्हणाला, त्यानेही हेच केलं असतं." आयलीने मान हलवली आणि कॉफी ओतली. तेव्हापासून काही निमित्त निघालं की ती निसू घेऊन यायची, वेलदोडा घातलेला वेणीचा गोड पाव.

तर, परीक्षा. नोव्हेंबरमध्ये चार तास गाडी चालवून इर्या ग्रीन बे शहरात गेली. तिथे कर भरून देणाऱ्यांच्या कचेरीशेजारी परीक्षा केंद्र होतं. दारावरच्या मुलीने तिचे खिसे उलटे करायला लावले, चष्मा काढून उजेडात धरला, तळहाताचा ठसा घेतला.

"स्वेटर घालायचा तर घाला, नाहीतर खणात ठेवा. खुर्चीवर टाकायचा नाही," ती मुलगी म्हणाली.

"स्वेटरवर उत्तरं विणून आणलीत असं वाटतं का तुला?"

"मॅडम, आणली होती एकाने. बाहीच्या आत."

संगणकाच्या पहिल्याच पडद्यावर शपथ होती. यातला कोणताही प्रश्न मी कोणालाही, कोणत्याही प्रकारे सांगणार नाही. सांगितल्यास प्रमाणपत्र रद्द. इर्याने "मान्य" दाबलं आणि कानात बोळे घातले.

पेपर बरा होता. जेवणाच्या सुट्टीत तिने गाडीत बसून घरून आणलेली पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, थंडच खाल्ली आणि या वेळी निघू असं तिला वाटलं. परतल्यावर काही प्रश्न झाले, साप चावला, भाजलं, पोर पडलं. मग एकशे सदतिसावा आला.

पियानो सुरात लावण्याचा व्यवसाय करणारा एकावन्न वर्षांचा पुरुष, जबडा दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेला असता...

तिने डोळे मिटले आणि उघडले. पडदा तोच होता. रक्तदाब एकशे अडुसष्ट, खाली चौऱ्याण्णव. ओनीचाच. ईसीजीची प्रत्येक रेघ ओनीची. वेदना सुरू होऊन दोन तास झालेले. सर्वांत जवळचं अँजिओप्लास्टीचं रुग्णालय रुग्णवाहिकेने पंच्याहत्तर मिनिटांवर. पुढची योग्य कृती कोणती?

हे आकडे दोन माणसांना माहीत होते, एक ती आणि दुसरा तिचं रडणं ऐकत कागदावर टिपून घेणारा. तिने प्रश्न पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा वाचला, कारण ती काहीतरी शोधत होती. पियानो होता, दातवाला होता, पंच्याहत्तर मिनिटं होती. बर्फ नव्हता. बंद रस्ता नव्हता, न उडालेलं हेलिकॉप्टर नव्हतं. लेलँडने ओनी अख्खा उचलला होता आणि तेवढा बर्फ मागे ठेवला होता.

पहिला पर्याय होता, गुठळी विरघळवणारं औषध देणे. तिने केलं होतं ते. चुकणाऱ्यांना गळाला लावायला ठेवलेला पर्याय. दुसरा पर्याय होता, तातडीने अँजिओप्लास्टीसाठी पाठवणे. बर्फ नसेल तर उत्तर दुसरं, यात शंका नाही. पहिला दाबावा, मग बसा बोंबलत, असं तिच्या मनात आलं. पण तीन गुण तिने गेल्या वर्षी पाहिले होते आणि एकतीस डिसेंबर समोर होता. तिने दुसरा दाबला. सात वर्षांत जे तिने कोणालाही म्हणू दिलं नव्हतं, ते तिच्या स्वतःच्या बोटाने म्हटलं.

बाहेर येऊन ती गाडीत बसते न बसते तोच लेलँडचा फोन वाजला.

"काय मग, डॉक्टरीणबाई? कशी गेली?"

"बरी."

"अवघड होतं का काही?" आणि तोच घाईने म्हणाला, "नको, नको सांगू. मी विचारता कामा नये आणि तू सांगता कामा नये."

"नाही सांगत. शपथ घेतलीय." इर्याचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "लेलँड, त्या दिवशी बर्फ पडत होता."

कुठल्या दिवशी, असं त्याने विचारलं नाही.

"इर्या," तो म्हणाला, "प्रश्नात सगळं मावत नाही. एका प्रश्नाने एकच गोष्ट तपासायची असते. बर्फ ठेवला की उत्तर बदलतं."

"ते मला सांगतोस?"

"नाव नव्हतं, गाव नव्हतं. कोणाला कळणार होतं?"

"मला. ओनीच्या बायकोला. अख्ख्या गावाला. आमच्याकडे पियानो लावणारा एकच होता."

"हजारो प्रश्न असतात. तो नेमका तुझ्या पेपरात येईल असं मला वाटलं नव्हतं गं."

"वाटलं नव्हतं? मग ते प्रकरण आलं की पानं का उलटायचास? मी वेडी, मला वाटायचं मला जपतोयस. तू स्वतःला जपत होतास!"

इर्याने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. तिला आता एकच गोष्ट हवी होती. ती मिळाली असती, तर बाकीचं तिने गिळलंही असतं, मैत्री तेवढी जुनी होती.

"एवढंच सांग," ती म्हणाली. "तू तिथे असतास तर हेच केलं असतं म्हणालास. ते खरं होतं?"

"इर्या, ते आता कशाला..."

"खरं होतं की नाही?"

"तू रडत होतीस," लेलँड म्हणाला.

तिने फोन बंद केला. शिव्या द्याव्यात, समितीला पत्र लिहावं, असं खूप काही मनात आलं. पण पत्रात प्रश्न लिहावा लागणार, आणि प्रश्न लिहिला की तिचंच प्रमाणपत्र जाणार. केसाने गळा कापणाऱ्याला बोर्डाची तिजोरी आयती मिळाली होती, आणि तिचं कुलूप इर्याने सकाळी "मान्य" दाबून स्वतः लावलं होतं. चार तास ती तशीच गाडी चालवत घरी आली. डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. तिचा इतका संताप झाला होता की पुसायचं सुचलंच नाही. त्यानंतर लेलँडचे सहा फोन आले, ते तिने घेतले नाहीत. रविवारच्या दुपारी मोकळ्या झाल्या, आणि त्या कशा घालवायच्या ते तिला कळेना.

डिसेंबरच्या मध्याला निकाल लागला. पास. व्यवस्थापकाने हात मिळवला, परिचारिकांनी तिच्या डोक्यावर कागदी टोपी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी आयली आली, बूट झटकत, काखेत कापडात गुंडाळलेला निसू.

"बघ, म्हटलं होतं ना? आमच्या डॉक्टरला कोण घालवतंय!" तिने स्वतःच सुरी शोधली आणि पाव कापायला घेतला. "अजून दहा वर्षं निश्चिंती. म्हणजे मी मरायला मोकळी, तू असशील हाताशी."

"गप गं, आयली."

"आणि तुझा तो डेट्रॉइटचा डॉक्टर? त्यानेच शिकवणी घेतली ना? त्याला एक पाव पाठवते मी. खरंच पाठवते. अगं, ओनी गेला त्या वर्षी मी रात्रीच्या रात्री बसून काढायचे. मग मनाशी म्हणायचे, तो एवढा मोठा माणूस, तोही म्हणाला, हेच केलं असतं. मग झोप लागायची."

इर्याने तोंड उघडलं. सांगून टाकावं, निदान या बाईशी तरी खोटं नको, असं तिला मनापासून वाटलं. आयली पावाचा तुकडा पुढे धरून तिच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सात वर्षांची झोप होती. इर्याने तुकडा घेतला. सात वर्षांपूर्वी लेलँड फोनवर असाच कचरला असेल का, हे तिच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं म्हणून तिला त्याचा आणखीच राग आला.

"म्हणाला होता ना तसं?" आयलीने विचारलं.

"म्हणाला होता."

"पण काय गं," आयली बोटांवरची साखर चाटत म्हणाली, "त्याला बर्फाचं नीट सांगितलं होतंस ना? ही पुलाखालची माणसं, दक्षिणेकडच्या शहरांतली. त्यांना बर्फ म्हणजे काय ते कळत नाही."

"सांगितलं होतं," इर्या म्हणाली. "त्याला मी सगळं सांगितलं होतं."