भिवराबाईचं पोहणं

वडवणीच्या फाट्यावर एसटीतून उतरल्यापासून शिवकन्येच्या तोंडाला खळ नव्हती. "माझी आज्जी बहात्तर वर्षांची हाय, पण विहिरीच्या काठावरून अशी उडी मारती, बघतच राहशील!"

तेजश्रीला ते खरं वाटेना. पुण्यात नर्सिंग शिकताना दोघी एकाच खोलीत राहत. तेजश्रीनं स्वतःची आजी पाहिली ती फक्त दवाखान्याच्या खाटेवर, नळ्या लावलेली, कुणाला न ओळखणारी. बावीस वर्षांची ही पोरगी आरशासमोर बसून डोळ्यांखाली क्रीम चोळायची अन् म्हणायची, "साठीच्या आत गेलेलं बरं."

शिवकन्येला हे बोलणं कधी उमगलंच नाही. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. ते सहा महिने घरात ती आणि भिवराबाई दोघीच. पोहायला, झाडावर चढायला, भांडायलासुद्धा आजीनंच शिकवलं होतं. म्हातारपण म्हणजे कुणाच्या बापाला न भिणं, एवढंच तिला ठाऊक.

घरी पोचल्यावर विहिरीचा बेत ऐकून शिवकन्येचे वडील प्रविण वैतागले. "आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, प्रविणची माय अजून बुडाली न्हाई!" भिवराबाई कासोटा खोचत निघालीसुद्धा.

ती काठावर उभी राहिली. शिवकन्येनं मोबाईल धरला. "मार, आज्जे!"

भिवराबाई वाकली, पुन्हा सरळ झाली. परत वाकली. गुडघा लटपटत होता. आजीच्या पोटऱ्या किती वाळल्यात, हे शिवकन्येला आज पहिल्यांदा दिसलं. मोबाईल आपोआप खाली आला.

"गुडघा न्हाई म्हणतोय," भिवराबाई म्हणाली. आवाजात ना लाज, ना रड. "उडी गेली माझी. पोहणं कुठं गेलंय? दे खांदा."

एक हात भिंतीला, एक नातीच्या खांद्यावर, असं करत ती पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर तिनं खांदा सोडला अन् सपासप हात मारत पलीकडची कड गाठली. तिथं उताणी होऊन तिनं तोंडातनं पाण्याची चूळ अशी वर उडवली, की शिवकन्या किंचाळलीच.

"ए पोरी, तू कावून कोरडी उभी हाईस?"

"मला येत नाही, आजी. भीती वाटते," तेजश्री म्हणाली.

"मग पाण्यात येऊन भी. शिवकन्ये, बांध तिच्या पाठीला रिकामा कॅन!"

तेजश्री ओरडतच उतरली. तिच्या पोटाखाली भिवराबाईचा तळवा होता. "पाय मार! लाथा घाल पाण्याला!" चार हात झाले, सहा झाले.

"आजी, सोडू नका हं!"

"कवाच सोडलंय!"

धापा टाकत तेजश्रीनं पायरी धरली. हसू तिच्या तोंडात मावेना. "आजी, तुम्ही लहानपणीच शिकलात ना?"

"छ्या! पंचावन्नाव्या वर्षी. ही शिवकन्या तवा पाच वर्षांची. सारखी विहिरीकडं पळायची. हिला शिकवणार कोण? ही साळेत गेली की मी कॅन बांधून हितं येयाची. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं."

शिवकन्या बघतच राहिली. आज्जी पोहणं शिकूनच जन्माला आली असणार, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

"पंचावन्नाव्या!" तेजश्रीनं स्वतःशीच म्हटलं. मग पाठीवरची दोरी आवळली आणि कुणी हात द्यायच्या आत पाण्यात झेप घेतली.

"आता पलीकडच्या कडंपतुर!" भिवराबाई ओरडली, अन् तिच्या बाजूनं पोहू लागली.