मेतकुटाची दुसरी बरणी

श्रीपाद वकिलांना मिळायचं होतं ते असं: दत्तमंदिराच्या पंचांत जागा, पालखीपुढे चालायचा मान आणि निपाणीकडचे पक्षकार. तिकडच्या तंबाखूवाल्यांचा वकिलाच्या सनदेपेक्षा त्याच्या देवभक्तीवर भरवसा जास्त. द्यायचं होतं ते एवढंच, की चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. बेळगावातल्या त्यांच्या गल्लीत तो सगळेच सोडत. पंच होऊ पाहणाऱ्यानं जरा चारचौघांना दिसेल असा सोडायचा.

अडचण वकिलांच्या जिभेची होती. लसणाशिवाय त्यांचा घास फिरे.

तोडगा विनोदिनीबाईंनी काढला, असं वकील म्हणत. काढायला लावला, असं बाई म्हणत. शहापूरच्या विणकरांपैकी बायाक्का भर वैशाखात लसूण सोलून त्याच्या चकत्या करायची, छपरावर कडकडीत वाळवायची, मग मंद आचेवर तांबूस भाजून कुटायची. भाजण्याचा वास शहापुरातच राही आणि बेळगावात नुसती पूड पोचे. लसणाचा उग्रपणा गेलेला, खमंगपणा तेवढा उरलेला. तीत भाजक्या डाळीचं पीठ नि हळद मिसळली की तिला मेतकूट म्हणायला फक्त धीर लागे. तो वकिलांकडे पेशापायी होताच.

फळीवर दोन बरण्या बसल्या. खऱ्या मेतकुटाची पाहुण्यांसाठी, दुसरी घरधन्यासाठी. कांदेनवमीला वकिलांनी ओसरीवर बसून शेवटचं भजं खाल्लं आणि कांद्याला हात जोडले. समोरच्या घरांतून ते नीट दिसलं.

पंच कोण, हे वासुदेवभटजी सांगणार होते. देवळात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. नावं दोनच होती, वकिलांचं आणि हरिभाऊ मास्तरांचं. हरिभाऊ सज्जन होते, म्हणजे त्यांच्याविषयी बोलण्यासारखं फार नव्हतं. भटजींनी दोघांकडे एकेकदा जेवायला यायचं ठरवलं. पंचाची चूल पाहावी, म्हणाले.

श्रावणात ते आधी हरिभाऊंकडे जेवले. वरणभात, दुधीची भाजी, ताक. तृप्त झालो म्हणाले आणि लवकर उठले.

मग वकिलांची पाळी. बाईंनी पाटावर रांगोळी घातली, तूप कढवलं. सगळं रीतसर चाललं होतं, पण आग्रह करणं ही वकिलांची जुनी खोड. दुसऱ्या भाताला ते स्वतः उठले आणि मेतकूट वाढतो म्हणून फळीकडे गेले. त्या पुडीला मेतकूट म्हणता म्हणता त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. हात सवयीच्या बरणीवर पडला. बाईंनी स्वयंपाकघरातून बांगड्या वाजवल्या. वकिलांना त्या लगबगीच्या वाटल्या.

भटजींनी घास घेतला. चावणं थांबलं, डोळे मिटले, पुन्हा चालू झालं. त्यांनी आणखी भात मागितला, आणि त्यावर तेच. उठताना म्हणाले, मेतकूट उत्तम आहे, देवाच्या नैवेद्याला एक बरणी पाठवा.

तोवर वकिलांना घमघमाटावरून उमगलं होतं. लसूण देवापुढे ठेवला तर पाप, खरं सांगितलं तर पंचपद गेलं. रात्रभर विचार करून त्यांनी खऱ्या मेतकुटाची बरणी देवळात पोचवली.

दुसऱ्या दिवशी भटजी स्वतः आले. ओसरीवर बसले, पाणी प्याले.

"देवाचा नैवेद्य झाला," म्हणाले. "आता माझा पाठवा."

वकील म्हणाले, तेच तर मेतकूट.

"वकीलसाहेब, माझं आजोळ निपाणीचं. तिथं आजी हे भाकरीवर देई. मला मेतकूट शिकवू नका."

विनोदिनीबाईंनी दुसरी बरणी आणून पुढं ठेवली. भटजींनी ती उपरण्याखाली धरली. जाता जाता म्हणाले, पंचांची पंगत असते तसा पंचांचा एकोपाही हवा, आणि तो तुमच्याआमच्यात दिसतो.

वकिलांनी त्याच संध्याकाळी बायाक्काला बोलावणं धाडलं. ती दारातच हसली.

"आता कुठलं, आण्णा? ऊन कुठं हाय? ह्या सर्दाव्यात चकती वाळत न्हाय, आन् ओली भाजली तर नुसती चिकाट हुतीया. आता दिवाळी झाल्याबिगर न्हाय."

"थोडंसं तरी?"

"थोडंसं भटजीस्नी मागा की," बायाक्का म्हणाली. आत्ताच देवळावरून येताना तिला आपण कुटलेल्या पुडीचा वास आला होता.

गणपतीत पंचाचं नाव जाहीर झालं, ते वकिलांचं. वकिलांनी उरलेला चातुर्मास सक्तीनं, पण अगदी शुद्ध पाळला आणि वाळले. भटजींचा काहीच खर्च झाला नाही. देवाला मेतकूट मिळालं, त्यानं तक्रार केली नाही. भुर्दंड पडला तो हरिभाऊ मास्तरांवर, आणि त्यांनी तर जन्मात लसूण तोंडात घातला नव्हता.