दहा मिनिटे मागचा सर्व्हर

मित्रांनो, नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे एक करडी पेटी दिसेल. तो मी, एक जुना सर्व्हर. माझी हकीकत सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. तरी सांगतो.

मी १९९६ साली संगणक प्रयोगशाळेत आलो. तिथल्या चोवीस संगणकांवर मुले जे प्रोग्राम लिहीत, ते माझ्या डिस्कवर राहत. मूल कुठेही बसो, त्याची फाइल मी तारेतून त्याच्यापुढे ठेवी. मला पडदा नव्हता. मी कपाटात बंद असे. सुरुवातीला पाहुणे आले की कपाट उघडून मला दाखवत. पुढे डिस्क भरत आली आणि ते थांबले. प्रयोगशाळेच्या संध्या मॅडम मात्र दर सोमवारी रेडिओच्या ठोक्यावर माझे घड्याळ लावत.

एप्रिल २००० मधली गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या अफरीनने द्राक्षबागेतल्या फवारणीच्या तारखा सांगणारा प्रोग्राम केला होता. बारा वाजता बाहेरचे परीक्षक येणार होते. प्रोग्राम चालला नाही तर तिचे वर्ष जाणार होते. फवारणीनंतर पाऊस झाला तर पुढची तारीख अलीकडे यायला हवी, ती येत नव्हती.

तिने फाइलमधली चूक दुरुस्त केली आणि तिच्यापासून चालणारा प्रोग्राम नव्याने बांधायला संगणकाला सांगितले. पडद्यावर उत्तर आले की सर्व काही अद्ययावत आहे, काही करायची गरज नाही. चालवला तर चूक जशीच्या तशी.

"मॅडम, सकाळपासून असंच होतंय. घाईने केलेली दुरुस्ती लागत नाही. चहा पिऊन आलं की लागते."

"मग चहाच पीत राहा," मॅडम म्हणाल्या. मग गंभीर झाल्या. "सर्व्हर म्हातारा झालाय गं. तुझी फाइल नीट ठेवत नसेल. या उन्हाळ्यात काढूनच टाकू त्याला."

मी फाइल पुन्हा पाहिली. शेवटच्या अक्षरापर्यंत ती होती. तरी माझी खात्री होईना.

मित्रांनो, माझ्याकडे जागा नव्हती, म्हणून मुलांनी लिहिलेली फाइल माझ्याकडे आणि तिच्यापासून बांधलेला प्रोग्राम त्यांच्या संगणकावर, अशी रीत पडली होती. प्रोग्राम बांधायचे काम करणारे साधन फक्त दोन्हींवरची वेळ बघे. लिहिलेली फाइल प्रोग्रामच्या नंतरची असेल तरच नव्याने बांधी.

अफरीनने दोन्हींची यादी उघडली आणि वेळा ताडून पाहिल्या.

"मॅडम, हे बघा. फाइल मी आत्ता जतन केली, तिच्यावर अकरा पस्तीस. आणि त्याआधी बांधलेल्या प्रोग्रामवर अकरा एकेचाळीस."

मॅडमनी मनगटावर पाहिले. अकरा पस्तीस.

दाराशी प्रयोगशाळेचे शिपाई कारभारी उभे होते. ते वणीचे.

"कारभारीकाका, संगणकांची घड्याळं कोणी लावली?" अफरीनने विचारले.

"मीच, काल सांजच्याला. भिंतीवरच्या घड्याळावानी धा मिनिटं पुढं. पोरं वणीच्या गाडीला मुकत्यात. कपाटातल्याला कुठं गाडी धरायचीय? त्याला नाय हात लावला."

म्हणजे फाइलवर माझी खरी वेळ पडत होती आणि प्रोग्रामवर त्या संगणकाची, दहा मिनिटे पुढची. मॅडमना हसू आले. अफरीनला हसायलाही सवड नव्हती. तिने आधी बांधलेल्या प्रोग्रामचे सगळे तुकडे पुसून टाकले आणि प्रोग्राम पहिल्यापासून बांधला. तो पुरा होतो न होतो तोच परीक्षक आत आले.

"समजा, काल पाऊस झाला," ते म्हणाले.

तिने पाऊस भरला. फवारणीची तारीख चार दिवस अलीकडे आली. त्यांनी आणखी दोनदा पाऊस पाडून पाहिला आणि सही केली.

संध्याकाळी कारभारींनी चोवीसही घड्याळे माझ्या वेळेवर आणली. "आता गाडी सुटली तर मला नाय सांगायचं," असे म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या आधी वर्गात येऊन हाका मारू लागले.

२००४ साली मी खरोखरच हळू झालो आणि इथे आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढेच सांगायचे आहे, मित्रांनो, की चोवीस जण एक वेळ सांगत होते आणि मी एकटा दुसरी, तेव्हा मलाही वाटले होते की चूक माझीच असणार. एखादे यंत्र, किंवा माणूसही, मागे पडले असे ठरवण्याआधी त्याच्याकडची वेळ एकदा पाहा. अफरीनने पाहिली होती.