चारशे बत्तीस नंबरचा रणगाडा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या चिलखती डिव्हिजनचा सुंभ पंचेचाळीस साली जळून खाक झाला, आणि अठ्ठावन्न साली त्यातले उरलेसुरले सैनिक हानोव्हरजवळच्या एका खानावळीत बसून राखेला पीळ घालत होते.

मेळावा दरवर्षीचाच. यंदा डिव्हिजनच्या इतिहासाचं पुस्तक छापायला जायचं होतं. कॅप्टन श्टाफेल एकेक पान मोठ्यानं वाचणार आणि ज्याला चूक दिसेल त्यानं हात वर करायचा. हात वर होत होते, नाही असं नाही. नदीवरचा पूल आपण सहा चाळीसला ओलांडला की सात दहाला, यावर अर्धा तास भांडण. एका रणगाड्याची तोफ आखूड होती की लांब, यावरून दोन गडी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. वाटेत आम्ही जाळलेल्या खेड्यांबद्दल मात्र कुणी ब्र काढला नाही, कारण पुस्तकात ती जळलीच नव्हती. माझाही हात मांडीवरच होता म्हणा.

दाराजवळ इर्मगार्ड पाव्लिक बसली होती, पर्स घट्ट धरून. तिचा नवरा योसेफ आमच्या चारशे बत्तीस नंबरच्या रणगाड्याचा प्रमुख, मी ड्रायव्हर. तिच्या गावात चर्चसमोरच्या दगडावर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलीत, त्यात योसेफ नाही. पाद्री म्हणतो, डिव्हिजनच्या यादीत नाव दाखवा, मग कोरू. शाळेत पोरं तिच्या मुलीला अजून ‘पळपुट्याची पोर’ म्हणतात.

पुस्तकातली पडलेल्यांची यादी वाचून झाली तशी ती उठली. “साहेब, पाव्लिक राहिला.”

“राहिला नाही, बाई,” श्टाफेल म्हणाला. नाकानं कांदे सोलायची त्याची खोड जुनीच. “यादी रणात पडलेल्यांची आहे. तुमच्या नवऱ्यानं धडधाकट रणगाडा स्वतःच्या हातानं उडवला आणि पाठ फिरवली. त्याला शिक्षा झाली.”

धडधाकट म्हणे! टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. “उडवून द्या आणि चालत या,” हा हुकूम रेडिओवर याच श्टाफेलनं दिला, मी माझ्या कानांनी ऐकला. वरून विचारणा झाली तेव्हा या शूरवीरानं कानांवर हात ठेवले. वीटभट्टीमागे दहा मिनिटांत खटला उरकून त्यांनी योसेफला गोळी घातली. मला सोडलं. ड्रायव्हर कमी होते, आणि हा तोंड उघडणार नाही हे माझ्या थोबाडावरच दिसत असणार.

बाई मुकाट्यानं खाली बसायला लागली आणि माझं डोकं सटकलं. मी पुढे जाऊन त्याच्या हातातली पानं ओढली.

“पान दोनशे अकरा!” मी ओरडलो. “चारशे बत्तीस नंबरचा रणगाडा, शत्रूच्या माऱ्यात नष्ट. तुम्हीच लिहिलंय ना, कॅप्टनसाहेब? न लढता एकही रणगाडा गमावला नाही, ही शेखी मिरवायची होती ना? मग रणगाडा शत्रूनं उडवला, तर पाव्लिकला कशासाठी मारलंत?”

“ओटमार, बस खाली. जास्त झाली तुला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“एकच ग्लास झालाय, गाढवा! त्याला उत्तर देऊ दे.”

श्टाफेलनं चष्मा पुसला, पेन्सिल उचलली. क्षणभर मला वाटलं, नाव लिहितोय. त्यानं चारशे बत्तीसवर रेघ ओढली.

“हा रणगाडा नोंदीतच नको,” तो म्हणाला. “चला, पुढचं पान.”

आणि शपथेवर सांगतो, एका बहाद्दरानं हात वर केला. रणगाड्यांची एकूण संख्या आता एकानं कमी करावी लागेल, म्हणाला.

थू! माणूस यादीत घ्यायला नको, म्हणून अख्खा रणगाडा गिळला हरामखोरांनी.

मी एक कोरा कागद घेतला आणि तिथंच टेबलावर लिहिलं. हुकूम कुणी दिला, कधी दिला, मी तो कसा ऐकला. खाली सही ठोकली आणि कागद बाईच्या हातात दिला. “पाद्र्याला दाखवा. नाही ऐकलं तर मी स्वतः येतो.”

तिनं सावकाश वाचलं. आभार वगैरे काही नाही.

“अहो, हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?”

“हो.”

“तेरा वर्षं?”

तिनं कागद परत माझ्यापुढे सरकवला.

“मग तेही लिहा.”

सगळी खानावळ बघत होती. मी लिहिलं.