रास्त भावाची खुर्ची

सोसायटीत सगळे त्यांना पाठीमागे 'घासाघीसकाका' म्हणत. तीस वर्षं कचेरीच्या खरेदी विभागात काढलेला माणूस. समोरच्याच्या तोंडचं पाणी पळवल्याशिवाय सौदा करायचा नाही, हा त्यांचा बाणा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा परदेशात. रविवारी त्याचा फोन यायचा, "बाबा, बरं आहे ना?" एवढ्यावर संपायचा. मग आठवडाभर घरात फक्त नळाचा आवाज.

बायकोच्या वेताच्या खुर्चीची बैठक फाटली, तेव्हा काका ती उचलून कोपऱ्यावरच्या कारागिरांच्या सहकारी दुकानात गेले. विणणारी बाई पन्नाशीची, टोपात वेत भिजवत बसलेली. तिने मजुरी सांगताच काका उसळले.

"अहो, लुटता काय? एवढ्यात नवी प्लास्टिकची येईल!"

"मग ती घ्या ना, काका," ती हसून म्हणाली. "इथे भाव एकच. तो आम्ही विणणाऱ्यांनीच बसून ठरवलाय."

खरं तर काकांनी तडक निघायला हवं होतं. पण घरी भांडायलाही कुणी नव्हतं! ते तिथेच स्टुलावर टेकले आणि फुशारकी सांगू लागले. कचेरीसाठी शंभर वेताच्या खुर्च्या घेतल्या, व्यापाऱ्याचा भाव तीनदा खाली आणला, साहेबांनी पाठ थोपटली.

बाईचे हात थांबले.

"बाहेर लिंबाचं झाड असलेली कचेरी ना? त्या खुर्च्या आम्ही विणल्या होत्या."

काकांनी मान डोलावली.

"व्यापाऱ्याने स्वतःचा वाटा नाही सोडला. आमची मजुरी कापली. अकरा जणी होतो एका छपराखाली. पोट भरेना, तशा एकेक करत पांगल्या. पुढची नऊ वर्षं, आम्ही सात जणी पुन्हा एकत्र येईपर्यंत, मी खोलीत एकटी विणत होते. बोलायला समोर भिंत."

भिंत! त्या भिंतीशी काकांची चांगलीच ओळख होती.

"मला माहीत नव्हतं हो," ते पुटपुटले.

"विचारलंत कुठे?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. काकांनी खुर्ची तिथेच विणायला ठेवली, तिने सांगितलेल्या मजुरीत.

महिन्याअखेरीस सोसायटीची बैठक भरली. सभागृहासाठी वीस खुर्च्या घ्यायच्या होत्या. सेक्रेटरी म्हणाले, "काका, हे काम तुमचंच! सगळ्यात स्वस्त कोण देतं ते बघा."

काका उभे राहिले. "आजवर तेच बघत आलो. आपण वाचवतो, तेव्हा कुणाच्या तरी ताटातलं कमी होतं. आपल्या कोपऱ्यावर सात जणी पुन्हा एकत्र येऊन विणताहेत. त्यांचा भाव रास्त आहे. तो देऊ या!"

"काका, तब्येत बरी आहे ना?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. पण काका बसले नाहीत. एकेकाला समजावत राहिले. शेवटी वीसपैकी आठ खुर्च्या त्यांच्याकडून घ्यायला सगळे राजी झाले.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः ते सांगायला गेले. सगळ्या जणी खूश झाल्या. एकीने त्यांच्यासाठी चहा टाकला.

"आणि अकरातल्या उरलेल्या चौघी?" काकांनी विचारलं.

"त्यांचा पत्ता नाही लागला," बाई म्हणाली.

काकांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मंडळी, स्वस्त मिळालं म्हणून आपण खूश होतो, तेव्हा उरलेली किंमत कुठेतरी, कुणीतरी, एकट्याने मोजत असतं. वस्तूचा भाव जरूर विचारा. पण ती घडवणाऱ्याच्या हाती त्यातलं काय पडतं, हे त्याआधी विचारा!